नोंदीखालचा कंस

मामा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत कर सल्लागार आहेत. गेल्या रविवारी त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाकला. त्यांच्या ऑफिसात बी.कॉम.चा एक मुलगा ओजेटीला येतो. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला हे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणलं आहे. त्या मुलाच्या वहीत शेवटी एक पान होतं, 'या अनुभवातून मी काय शिकलो'. ते कसं भरायचं हे विचारण्यात त्याने मामांची अर्धी दुपार घेतली. मामांचा संताप त्याच्यापासून सुरू झाला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. "कॉमर्सच्या पोरांस्नी आता निबंध लिवाय लावायला लागलेत. अगं, आकडा जुळला की विषय संपला. आकडा बोलतोय, तू कशाला बोलतीस? आमची पोरगी तर फ्लॅट तारण ठेवून तिकडं डायरी लिवाय गेलीया."

खाली मावशी, दादा, वहिनी, सगळ्यांचे हसरे चेहरे.

मी मेलबर्नला शिकते. तो मेसेज मी इथे फ्लिंडर्स स्ट्रीटला ट्राममधून उतरताना ऐकला. वेअरहाऊसची शिफ्ट संपवून आले होते, हात गारठले होते. दुसऱ्यांदा ऐकला तो घरी येऊन. तेव्हापासून मामांशी मनातल्या मनात भांडते आहे.

मामा ज्याला डायरी म्हणतात, त्याला इथे रिफ्लेक्टिव्ह जर्नल म्हणतात. अकाउंटिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला, ट्यूटमध्ये, म्हणजे लहान गटाच्या तासाला, जे काम केलं त्याबद्दल दर आठवड्याला एक नोंद लिहायची. युनिट गाइडमध्ये 'जर्नल' हा शब्द पाहिला तेव्हा मला बरं वाटलं होतं. जर्नल म्हणजे रोजकीर्द, रोजच्या व्यवहारांची पहिली वही. अकरावीपासून रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद असा रस्ता पाठ होता. घेणारा नावे, देणारा जमा. येईल ते नावे, जाईल ते जमा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. इथली माझ्या वर्गातली मुलं साध्या व्याजालाही कॅल्क्युलेटर काढतात. कोल्हापूरच्या क्लासमध्ये आम्ही ते तोंडी करायचो. त्यामुळे हा विषय माझाच, अशी माझी खात्री होती.

मग पहिलं ट्यूट झालं. फळ्यावर एक वर्तुळ होतं आणि त्यात सहा टप्पे: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, तसं का घडलं, त्यातून काय हाती लागलं, पुढच्या वेळी काय करशील. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेलं हे चक्र इथे नर्सिंगच्या मुलांनाही देतात आणि आम्हालाही. पहिला टप्पा मी एका पानात लिहिला. दुसऱ्या टप्प्यावर माझं पेन थांबलं ते थांबलंच. ताळेबंद जुळवताना काय वाटलं? जुळला की बरं वाटतं, नाही जुळला की पोटात गोळा येतो. त्यापुढे कुणी मला कधी विचारलंच नव्हतं.

मामा, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे असं मलाही वाटत होतं.

पण बारावीच्या पुस्तपालनाच्या पेपरातली अंतिम खाती आठवून बघा. खाली समायोजना, म्हणजे वर्षअखेरीला हिशेबात करायचे फेरफार, असतात. 'विविध ऋणकोंवर ५ टक्के संशयित बुडीत कर्ज निधी तयार करा.' म्हणजे उधारीतले जे पैसे बुडतील असं वाटतं, ते आधीच बाजूला धरा. आपण ५ टक्के काढतो, नफा-तोटा खात्याला नावे टाकतो, ताळेबंदात ऋणकोंमधून वजा करतो, आणि गुण मिळतात. ५ च का, ३ का नाही, १२ का नाही, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. तो आकडा आकाशातून पडलेला असायचा. इथे तिसऱ्या आठवड्यात आम्हाला एका लहान दुकानाच्या उधारीची यादी दिली आणि किती बुडेल ते तुम्हीच ठरवा म्हणाले. उत्तर कुठेच छापलेलं नव्हतं. माझ्या गटातल्या चौघांचे चार आकडे आले, आणि गुण होते ते का आले यावर. दोन वर्षं सर्वांत सोपी वाटलेली समायोजना त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली. कोल्हापुरात उत्तर शिकले, इथे प्रश्न शिकले. हे ऐकायला तुम्हाला आवडणार नाही, पण मी ते मागे घेणार नाही.

आणि ज्याला 'निबंध' म्हणताय, तो तुमच्या रोजच्या कामात आहे. रोजकीर्दीतल्या प्रत्येक नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण लिहितात. '(रोखीने माल खरेदी केल्याबद्दल.)' आमचे क्लासचे सर ओरडायचे, कंस विसरलात तर गुण गेला म्हणून. आम्ही तो शेवटच्या पाच मिनिटांत भराभर लिहायचो, अक्षर तिरकं होईपर्यंत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो व्हाउचरच्या तळाशी असतो, नॅरेशन म्हणून. बारावीच्या सुट्टीत तुमच्या ऑफिसात मी व्हाउचर मारायला बसायचे तेव्हा तुम्हीच म्हणायचा, "नॅरेशन सोड, कंट्रोल ए मार." मी सोडत गेले. मार्च महिन्यात एका पक्षकाराने विचारलं की ही ४० हजारांची नोंद कशाची, तेव्हा तुम्हाला आठवलं नाही आणि मला माहीत नव्हतं. आपण दोघांनी मिळून दोन दिवस बिलांच्या फायली उपसल्या. आकडा तेव्हाही जुळलेलाच होता, मामा. तो बोलत मात्र नव्हता.

मला इथे जे लिहायला लावतात ते एवढंच आहे: नोंदीखालचा कंस, थोडा मोठा केलेला.

हे माझ्या ध्यानात यायला सहावा आठवडा उजाडावा लागला, आणि आलं तेही आबांमुळे. आबा, म्हणजे माझे आजोबा, शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. पुढे मालकाने संगणक आणला तरी आबांनी स्वतःची लाल कापडाची कीर्द बंद केली नाही. गुऱ्हाळवाल्यांना हंगामाआधी उचल द्यायची, दसरा-दिवाळीनंतर गुळाचे रवे यायला लागले की ती वळती करून घ्यायची, असा तो हिशेब. लहानपणी मी त्या वहीत बोटाने रेघा ओढायचे. आकड्यांच्या बाजूला समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असायचं. 'गाडी उशिरा, माल भिजला.' 'पोरीचं लग्न, पौषानंतर देतो म्हणाला.' ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर एका नावापुढे लिहिलं होतं, 'ऊस पाण्यात. यंदा तगादा नको.'

ते समासातलं अक्षर मला मेलबर्नच्या लायब्ररीत आठवलं. हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत उधारीबद्दल आता असंच सांगतात, की पैसे बुडाल्यावर नाही, बुडण्याची शक्यता आजच पुढे बघून धरा. आयएफआरएस ९ हे मानक २०१८ पासून लागू झालं, आपल्याकडे तेच इंड एएस १०९ म्हणून आहे. आबा सातवी शिकलेले. त्यांनी पंचगंगेचं पाणी बघितलं, ऊस बघितला, माणूस बघितला, अंदाज केला आणि का केला ते लिहून ठेवलं.

मी त्यांना फोन लावला. आता त्यांना नीट दिसत नाही, ऐकू मात्र स्वच्छ येतं. विचारलं, आबा, ते समासात कशाला लिहायचा? त्यांना प्रश्नच वेडगळ वाटला. "मी नसलो तर मालकाच्या पोराला कळाय नको व्हय?"

ऑडिटच्या कागदपत्रांचं मानक, आपल्याकडचं एसए २३० आणि बाहेरचं आयएसए २३०, नेमकं हेच मागतं. त्या ऑडिटशी आधी काहीही संबंध नसलेल्या जाणकार ऑडिटरला कागद वाचून कळलं पाहिजे की काय काम केलं, काय निष्कर्ष काढला आणि महत्त्वाचे निर्णय कशाच्या आधारे घेतले. ओजेटीच्या पोराला छळणारं पान हे त्या कामाचं पहिलं पाऊल आहे. ते पान झेरॉक्सच्या दुकानातून तयार मिळतं, स्पायरल बाइंडिंगसकट, हे मला माहीत आहे. ती तक्रार करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण पानच नको म्हणू नका. इथेही मुलं बारा आठवड्यांच्या नोंदी शेवटच्या रात्री एका बैठकीत लिहितात, त्यावरून कुणी जर्नल बंद करत नाही.

आणि आकडा जुळला की विषय संपला, हे तर कोणी म्हणूच नये. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं, की बँकेत दाखवलेले ५ हजार कोटींहून जास्त रुपये नव्हतेच. त्या दिवसापर्यंत ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळत होत्या. तुम्हीच मला हे पहिल्यांदा सांगितलंत, रंकाळ्यावर भेळ खाताना. मी शाळेत होते.

वादात मी जिंकले असं इथे वाटू शकतं. पण चार दिवस झाले तरी ग्रुपवर एक ओळ टाकता आलेली नाही, आणि त्याचं कारण मामा नाहीत.

माझ्या पहिल्या चार नोंदींना २० पैकी ९ मिळाले. घरी मी सांगितलं, "मस्त चाललंय." चौथी नोंद एका गटाच्या कामाबद्दल होती. एक कॅफे, त्याचा विमा, १ एप्रिलला भरलेला वर्षाचा हप्ता २,४०० डॉलर, वर्षअखेर ३० जून. गटातल्या एकाने सगळे २,४०० खर्चात टाकले. तीन महिन्यांचे ६०० खर्च, उरलेले १,८०० पूर्वदत्त, म्हणजे पुढच्या वर्षासाठी आगाऊ भरलेले. आपल्याकडे हे अकरावीचं पोरगं सांगेल. मला ते स्क्रीनवर पाहताक्षणी दिसलं होतं. मी बोलले नाही. तो मुलगा फार भरभर बोलायचा, सगळे त्याच्याकडे बघून माना डोलवायचे, आणि मी मनात वाक्य जुळवत होते, क्रियापद कुठे येईल ते बघत होते. वाक्य जुळेपर्यंत त्यांनी फाइल सबमिट केली होती.

जर्नलमध्ये मी लिहिलं, 'विम्याची नोंद चुकीची करण्यात आली.' ट्यूटरने त्या ओळीशेजारी एकच प्रश्न लिहिला: ही चूक तेव्हा कुणाला दिसली होती?

मी लॅपटॉप मिटला आणि रडले. कुणी रागावलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं.

आमच्या घरात असं कुणी विचारत नाही, आणि त्यात प्रेमाची काही कमी नाही. मी निघाले तेव्हा मामांनी कर्जाच्या फाइलसाठी बँकेत आठ खेपा घातल्या, स्टेशनवर निरोप द्यायला आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि बोलले ते फक्त पासपोर्टबद्दल. आपण करून दाखवतो, बोलून दाखवत नाही. मला याचा अभिमान आहे, आणि याच गोष्टीने मला त्या दिवशी गटात गप्प बसवलं. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मी इथल्या जर्नलमध्ये इंग्रजीत लिहिलं. मराठीत कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजीत 'मी' लिहिणं सोपं गेलं, कारण तिथे मला ओळखणारं कुणी नाही.

मराठीतला माझा 'मी' तर आणखी अवघड. कोल्हापूरच्या आम्ही मुली 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतो. आई तशीच बोलते, आजी तशीच बोलायची. इथे गणपतीत मराठी मंडळात गेले तर एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, 'आले' म्हण, तू काय मुलगा आहेस?" तेव्हापासून मी त्यांच्यासमोर 'आले' म्हणते. हा लेखही 'आले-गेले' करतच लिहिला आहे. सकाळी उठून मेलबर्नचं हवामान बघायच्या आधी मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते, ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली का, ४३ च्या धोक्याला किती उरलं. आणि तिकडची माणसं म्हणतात, हिला आता इथलं काय कळतंय.

पुढच्या नोंदींना १४ मिळाले. तेही घरी सांगितलं नाही, कारण मग आधीचे ९ सांगावे लागले असते.

काल रात्री मी ती चौथी नोंद मराठीत लिहायला घेतली. ग्रुपसाठी नाही, फक्त मामांसाठी. विमा, तारीख, १,८०० डॉलर हे दोन मिनिटांत झालं. मग लिहिलं, 'मला चूक दिसली होती, पण मी गप्प बसले.' वाचून बघितलं तर कुणी वेगळीच मुलगी बोलत होती, मंडळातल्या काकूंना आवडेल अशी. ते खोडलं आणि खाली पुन्हा लिहिलं.

मामा, चूक मला दिसलेली. मी गप्प बसलो.