वसंत आधी पातेल्यात येतो

निवृत्त माणसाने एका वेळी एकच छंद करावा. मी दोन धरले, ब्रेड आणि भरतकाम. एकाला हात ओले लागतात आणि दुसऱ्याला कोरडे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हिशोब माझ्या मते बिनतोड होता. ब्रेड म्हणजे अर्धा तास राबायचं आणि पुढचे तीन तास पीठ फुगायची वाट बघत बसायचं. भरतकामाला तर असा बसलेला माणूसच लागतो. म्हणून पिठाच्या रिकाम्या वेळात टाके घालायचे. हिवाळाभर हे छान जमलंही होतं. त्या जोरावर मी वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. 9 वाजता मळणे, 9.30 ते 11.30 पहिलं फुगणं, त्या वेळात उशीचा अभ्रा. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "हो का?" लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

500 ग्रॅम मैदा, 325 ग्रॅम कोमट पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम यीस्ट. ताणला की पडद्यासारखा पातळ होईल आणि पलीकडचा उजेड दिसेल, इतका गोळा मळला. त्याला तेलाचा हात लावून पातेल्यात ठेवला, वर ताटली झाकली आणि ओट्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात सरकवला.

फेब्रुवारी संपत आला होता. सूर्य उगवायची जागा रोज थोडी थोडी सरकत असते, हे मी शाळेत घोकलेलं आहे. हिवाळाभर ज्या कोपऱ्याकडे ऊन फिरकत नव्हतं, तिथे त्या दिवशी ते ऐसपैस येऊन बसलं होतं.

"अहो, पातेल्यावर ऊन आलंय. हलवू का?" बायकोने विचारलं.

"हात लावू नकोस. पीठ झोपलंय," मी म्हणालो.

पीठ झोपलेलं नव्हतं. यीस्ट हा जिवंत सूक्ष्मजीव आहे. फ्रिजच्या थंडीत तो अंग चोरून पडून राहतो, 60 अंशांच्या आसपास मरतो आणि मधल्या उबेत मात्र स्वतःला कामाला असं जुंपून घेतो की विचारू नका. थंडीतले दोन तास त्याला उन्हात एका तासाचेही वाटत नाहीत. पण तो माझं वेळापत्रक बघून काम करत असणार, अशी माझी समजूत होती.

मी सोफ्यावर बसलो. अभ्र्यावर फुलांची एक फांदी काढायची आहे. सुरुवात गेल्या वसंतात केली होती. फांदी उलट्या टीपेने झाली, पानं लेझी डेझीने झाली आणि मग फुलांच्या मधल्या गाठींपाशी मी जो अडकलो तो अडकलोच. फ्रेंच नॉट दिसायला मोहरीएवढी, पण माणसाचा स्वभाव काढते. सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, दोरा ताणून धरायचा आणि सुई जिथून वर आली त्याच्या अगदी शेजारी खाली घालायची. त्याच भोकात घातली, तर गाठ सुळकन मागे निघून जाते आणि आपण वर्षभर काय केलं असा प्रश्न पडतो. त्यात सहा पदरांतून दोन वेगळे करायचे, नेढं शोधायचं आणि डोळ्यांवर चष्मा आहे हे आठवायचं. नेढं सापडेपर्यंतच दहा वाजले.

पण त्या दिवशी हात लागला. एकामागून एक गाठ बसत गेली. बाहेर एक पक्षी तेच दोन सूर पुन्हा पुन्हा म्हणत होता, दुसरा चोचीत काडी घेऊन येत होता. काडी फांदीवर ठेवायचा, ती पडायची, तो पुन्हा आणायचा. मला बरं वाटलं. शिंपी पक्ष्याबद्दल मात्र बरं वाटत नाही. त्याची मादी चोचीने पानाच्या कडेला भोकं पाडते, कोळ्याच्या जाळ्याचे नाहीतर वनस्पतींचे तंतू त्यांतून ओवते आणि पान शिवून घरट्याला झोळी तयार करते. फ्रेम नाही, चष्मा नाही!

अकरावी गाठ बसली आणि स्वयंपाकघरात ताटली खण्णकन खाली पडली.

मी ताडकन उठलो. अभ्राही माझ्याबरोबर उठला. फ्रेमसकट मांडीला लोंबत होता. अकराच्या अकरा गाठी पायजम्यासकट घातल्या गेल्या होत्या, आणि सांगायला हरकत नाही, अत्यंत पक्क्या.

ओट्यावर पीठ पातेल्याच्या कडेवरून खाली उतरून मिक्सरच्या दिशेने निघालं होतं. मी दोन्ही हातांनी ते अडवलं. म्हणजे आता हात पिठात, गुडघ्याशी फ्रेम आणि दारात कात्री घेऊन बायको.

"कुठून कापू?" तिने विचारलं. "फुलं वाचवू की पायजमा?"

"आधी पीठ वाचव!"

"ते शिवलेलं नाहीये," ती म्हणाली आणि तिने शांतपणे पायजमा कापला.

तरीही प्रकरण हातचं गेलं नव्हतं. पहिल्यांदा जास्त फुगलेलं पीठ दाबून, हवा काढून पुन्हा वळता येतं. मी ते वळलं, साच्यात ठेवलं, या वेळी सावलीत. तेवढ्यात मुलीने विचारलं, "बाबा, सुई कुठाय?"

पुढचा दीड तास तीन माणसांनी एक घर चाळलं. सोफ्याच्या फटी, पायजम्याचे अवशेष, केराची सुपली, माझी बाही. शेवटी तिघांची नजर एकदमच साच्याकडे गेली. मुलीने फ्रिजवरचं लोहचुंबक काढून गोळ्यावरून फिरवलं. काही चिकटलं नाही. पण एवढासा चुंबक, एवढा जाड गोळा; आतलं काय सांगणार? चुंबक काढल्यामुळे फ्रिजवरचं वेळापत्रकही खाली पडलं. ते कोणी उचललं नाही.

या शोधात गोळा दुसऱ्यांदा हाताबाहेर गेला. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून यायला हवा. इथे बोटाचा ठसा कोरल्यासारखा तसाच राहिला. 220 अंशांच्या ओव्हनमध्ये गेल्यावर ब्रेड फुगण्याऐवजी खचला. वास मात्र सुरेख सुटला होता.

मी त्याचे पाव इंचाचे काप केले, प्रत्येक काप उजेडात धरून पाहिला आणि पहिला घास स्वतः घेतला. नैतिक जबाबदारी, दुसरं काय. घास लागला वीटभट्टीतल्यासारखा, पण टोचला नाही.

सोफ्यावर बसायची कोणाची हिंमत नव्हती. तिघंही खिडकीशी उभं राहून खात होतो. समोरच्या झाडाच्या काळ्या काड्यांवर तांबूस टोकं फुटली होती. अशा झाडांच्या कळ्या आदल्या वर्षीच तयार होऊन थंडीभर थांबलेल्या असतात, असं मी सांगू लागलो.

"तुमच्या अभ्र्यासारख्या," बायको म्हणाली. "फक्त त्या उमलतात."

पक्ष्याची काडी तेवढ्यात बसली. सुई अजून सापडलेली नाही. गेले चार दिवस आम्ही उभ्यानेच चहा पितो.