पित्ताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळाव्यात, पण मोजून

छातीतली जळजळ शमवणारी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळावीत, या मताचा मी आहे. मात्र ती किती दिवसांची आणि काय विचारून द्यावीत, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. जेवणानंतर एखाद्या वेळी जळजळ झाली म्हणून अँटासिडच्या दोन गोळ्यांसाठी कोणी दवाखान्यात रांग लावावी, हे योग्य नाही. पण अँटासिड पोटात आधीच असलेले आम्ल तेवढ्यापुरते निष्प्रभ करते, तर ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल जठराच्या पेशींतले आम्ल सोडणारे पंपच बंद पाडते. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला १ ते ४ दिवस लागतात. दुकानात मात्र दोन्ही ‘पित्ताच्या गोळ्या’ म्हणूनच खपतात.

अमेरिकेत २००३ साली ओमेप्राझोल चिठ्ठीशिवाय विकण्यास मान्यता मिळाली, ती १४ दिवसांच्या कोर्सपुरती. डॉक्टरांना विचारल्याखेरीज चार महिन्यांच्या आत तो पुन्हा घेऊ नये, अशी सूचनाही सोबत होती. ही मर्यादा मला अत्यंत महत्त्वाची वाटते. आम्ल दीर्घकाळ दबलेले राहिले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते, आणि गोळी एकदम थांबवली तर काही काळ आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त सुटू शकते. माणसाला वाटते की दुखणे उलटले. तो नवे पाकीट आणतो, आणि पंधरा दिवसांची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. पुढे काहींच्या शरीरात बी-१२ किंवा मॅग्नेशियम कमी पडते. (ज्यांना डॉक्टरांनीच ती दीर्घकाळ दिली आहे, त्यांनी हे वाचून परस्पर बंद करू नये, रक्तस्राव झालेल्या अल्सरच्या रुग्णासाठी ती फार मोलाची असते.)

मला खरी काळजी वाटते ती आराम पडल्यामुळे झाकल्या जाणाऱ्या दुखण्याची. घास अडकणे, वजन उतरणे, काळी शौच होणे ही लक्षणे सांगणाऱ्याला गोळ्या न देता डॉक्टरांकडेच पाठवायला हवे. अल्सरला कारण ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची श्वासाची किंवा शौचाची तपासणीसुद्धा ओमेप्राझोलसारख्या गोळ्या चालू असताना चुकीने निर्दोष येऊ शकते.

म्हणून चिठ्ठीची सक्ती नको. ओमेप्राझोलसारख्या औषधाचे पाकीट १४ गोळ्यांचेच असावे, ते फार्मासिस्टने स्वतःच्या हाताने द्यावे, आणि देण्यापूर्वी ‘किती दिवसांपासून घेत आहात?’ व ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ एवढे तरी विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला क्लोपिडोग्रेल हे उत्तर आले, तर ओमेप्राझोल न देता डॉक्टरांना विचारायला सांगावे, कारण रक्त गोठू न देण्याचे त्या औषधाचे काम ओमेप्राझोलमुळे कमी होते.