अमेरिकेतलं यादवी युद्ध ‘गुलामगिरीवरून नव्हतंच’ म्हणे!

परवा घरच्या ग्रुपवर दादाने एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. वर ‘शाळेत न शिकवलेला इतिहास’, खाली सात मुद्दे, शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. म्हणणं असं, की १८६१ ते १८६५ चं अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही. ते झालं टॅरिफवरून, म्हणजे आयात मालावरच्या करांवरून, आणि राज्यांच्या हक्कांवरून. पश्चिमेकडच्या जमिनींचा वाद हा नुसता देखावा, आणि गुलामगिरीचं कारण जिंकलेल्यांनी मागाहून चिकटवलं. एरवी मी असलं काही उघडतसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेची तयारी करतेय, जगाचा इतिहास अभ्यासक्रमात आहे. “मावशी, मामाने पाठवलंय त्यातलं टॅरिफचं कारण उत्तरात पहिलं लिहू का?” मग मात्र बसावं लागलं.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण डोकं त्यानेच फिरवलं. ‘दक्षिणेतली राज्यं केंद्राच्या दादागिरीविरुद्ध आपल्या हक्कांसाठी उभी राहिली.’ बरं. मग त्यांनी स्वतः काय लिहून ठेवलंय ते बघू. अमेरिकेच्या संघराज्यातून सगळ्यांत आधी फुटलं दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना, २० डिसेंबर १८६० ला. चारच दिवसांनी त्यांनी कारणांचा जाहीरनामा काढला. इंटरनेटवर फुकट मिळतो, वाचायला पंधरा मिनिटं लागतात. त्यात टॅरिफचं नावसुद्धा नाही. आणि तक्रार कसली आहे? उत्तरेकडची राज्यं फार हक्क गाजवतात, ही! पळून आलेले गुलाम परत करायचा केंद्राचा कायदा असताना ही राज्यं आपापले कायदे करून आडवी येतात, म्हणून मेनपासून आयोवापर्यंत एकेकाचं नाव घेऊन बोटं मोडली आहेत. न्यूयॉर्कमधून गुलामाला सोबत घेऊन नुसतं जाताही येत नाही, हे एक दुखणं. काही राज्यांनी काळ्या माणसांना नागरिक मानलं, हे दुसरं.

तो केंद्राचा कायदा कसला होता तेही सांगते. १८५० चा. पळालेला म्हणून ज्याला धरलं त्याला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची सोय नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडला तर ५. आडवं येणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, तर १८५९ मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. राज्यांच्या हक्कांचे हे कैवारी तेव्हा कोणाच्या बाजूने होते? फुटल्यावर त्यांनी स्वतःची घटना लिहिली, त्यात कुठल्याही राज्यात गुलाम घेऊन फिरण्याचा मालकाचा हक्क आहे आणि पुढे जो नवा प्रदेश मिळेल तिथे गुलामगिरीला संरक्षणही आहे. प्रदेशाने काय ठरवायचं ते आधीच ठरलेलं.

इथेच तिसरा मुद्दा येतो. ‘पश्चिमेकडे रिकामी, कोरडी जमीन. तिथे कापूस होणार नव्हता, मग गुलाम कोण नेणार?’ रिकामी जमीन हा शब्द वापरणाऱ्याने तिथे कोण राहत होतं याची आधी चौकशी करावी, पण तो वेगळा विषय. अर्धं खरं हे, की पश्चिमेकडच्या कॅन्सस या नव्या प्रदेशात १८६० च्या जनगणनेत फक्त २ गुलाम सापडले. पण भांडण तेव्हा तिथे किती गुलाम होते यावरून नव्हतं. प्रत्येक नव्या राज्यामागे सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, दोन जागा. १८२० ला गुलामगिरीच्या मिसुरीसोबत गुलामगिरी नसलेलं मेन घेतलं ते दोन्हीकडच्या राज्यांचा तोल राखायलाच, आणि १८५० ला कॅलिफोर्निया गुलामगिरीविना आलं तेव्हा १५-१५ चा तोल बिघडला. न्यू मेक्सिको तर याहून कोरडं, तरी तिथल्या विधिमंडळाने १८५९ मध्ये गुलामांसाठी कायदा केलाच.

आणि कॅन्ससचा देखावा? १८५४ च्या कायद्याने ठरलं, की तिथल्या लोकांनी मतं देऊन काय ते ठरवावं. मार्च १८५५ च्या निवडणुकीआधी मोजलेले मतदार २९०५, पडलेली मतं ६३०७! शेजारच्या मिसुरीतून लोक हत्यारं घेऊन आले, मतं टाकली आणि घरी गेले. बोगस मतदान आपल्याला काही नवं नाही, पण मतदारांच्या दुपटीहून जास्त मतं म्हणजे हद्दच. त्या विधिमंडळाने कायदा काय केला? इथे गुलाम बाळगायचा हक्क नाही असं नुसतं बोललात तरी किमान दोन वर्षं सक्तमजुरी. त्याच वर्षाअखेर तिथे माणसं मरायला लागली. देखाव्यासाठी कोणी एवढं करत नाही.

टेक्सस तेव्हा मेक्सिकोत होतं, आणि त्याचं मेक्सिकोविरुद्धचं बंड म्हणजे निव्वळ स्वातंत्र्यलढा, असंही फॉरवर्ड म्हणतो. त्यातलं थोडं मान्य करावं लागेल. १८३५ मध्ये मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आन्नाने मेक्सिकोची संघराज्याची घटना गुंडाळली, आणि त्याविरुद्ध मेक्सिकोतही बंडं झाली. पण मेक्सिकोने १८२९ ला गुलामगिरी बंद केली होती आणि टेक्ससला त्यातून सूट मागून घ्यावी लागली होती, हे फॉरवर्डमध्ये का नाही? १८३६ च्या स्वतंत्र टेक्ससच्या घटनेत तर गुलामांना मुक्त करण्याची सत्ता त्यांच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेलाही दिली नाही. स्वातंत्र्यलढा म्हणायचं तर म्हणा.

‘गुलामगिरी आपोआप संपत आली होती’: १७९० ला साधारण ७ लाख गुलाम, १८६० ला साडेएकोणचाळीस लाख. ‘बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच’: मिसिसिपीत जवळपास निम्म्या कुटुंबांकडे होते. पुढे.

राहिला सहावा मुद्दा: युद्धकाळातला अध्यक्ष लिंकन, त्याला म्हणे गुलामांचं काही पडलंच नव्हतं. एकही गुलाम न सोडता संघराज्य वाचलं तर तसंही करीन, असं त्याने ऑगस्ट १८६२ मध्ये ग्रीली या संपादकाला लिहिलं, हे खरं. मुक्तीचा मसुदा त्याने महिनाभर आधीच मंत्रिमंडळाला दाखवला होता, तेवढं फॉरवर्डमधून गळालं. उत्तरेत काळ्यांबद्दल प्रेम उतू जात नव्हतं हेही खरं. ऑरेगॉनने गुलामगिरी नाकारली आणि त्याच घटनेत काळ्यांना येऊन राहायलाही बंदी केली. पण निवडून आला तेव्हा लिंकन एवढंच म्हणत होता, की जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही. तेवढ्यावर सात राज्यं फुटली, तीही त्याने शपथ घ्यायच्या आधी. म्हणजे दादाचा सहावा मुद्दा त्याच्याच तिसऱ्याला खोटं पाडतो.

तर बाई, टॅरिफ लिही. फक्त तारीखही लिही. ज्या वाढीव टॅरिफचा हा गाजावाजा आहे, त्यावर सही झाली २ मार्च १८६१ ला. सातवं राज्य टेक्सस, त्याच्या अधिवेशनाने फुटायचा ठराव केला १ फेब्रुवारीला. आणि ते विधेयक सिनेटमध्ये पास झालं, तेव्हा विरोध करणारे दक्षिणेचे बरेच सदस्य खुर्च्या सोडून केव्हाच घरी पोचले होते.