ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि हेडचा नंबर

रविवारी मी इंजिनाचं एक जुनं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं लोखंडी झाकण, विकत घेतलं आणि सोमवारी मला कळलं, की तेच हेड माझ्याकडे आधीपासून आहे.

माझी गाडी मॉरिस मायनर, १०९८ सीसी. (हिला व्हिंटेज म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. त्यांच्या लेखी १९१९ ते १९३० मधलीच गाडी व्हिंटेज. मुरडू देत.) हिचं ए-सिरीज इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए३० मध्ये ८०३ सीसीचं म्हणून आलं आणि मिनी या छोट्या गाडीत बसून २००० सालापर्यंत तगलं. इतक्या भावंडांमुळे एकीचं हेड बरेचदा दुसरीला बसतं. कोणतं कुठलं, हे हेडवर ओतलेल्या नंबरावरून ओळखायचं. १२जी२०२ म्हणजे माझ्या गाडीवरचं साधं. १२जी२९५ म्हणजे मिनी कूपर (मिनीची चपळ बहीण) नाहीतर एमजी ११०० वरचं, मोठ्या व्हॉल्व्हांचं. ते लावलं की मायनर चढावर कुंथत नाही. मला २९५ हवं होतं. फार हवं होतं.

विकणाऱ्याने हेड एका टायरवर मांडून ठेवलं होतं.

"कूपरचं आहे. मॉन्टे कार्लो रॅलीतल्या गाडीचं."

"कुठल्या सालच्या?"

"सहासष्ट."

आता, मिनी ती रॅली १९६४, ६५ आणि ६७ मध्ये जिंकली. ६६ ला पहिल्या तिन्ही मिनीच आल्या होत्या, पण हेडलाइटच्या नियमावरून तिन्ही बाद झाल्या. हे मी त्याला ऐकवलं.

"म्हणूनच तर इंजिन विकायला निघालं!" तो म्हणाला.

यावर माणसाने काय बोलावं? मी खडू काढला आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या मधल्या चिकट काळ्या जागेवर घासू लागलो. शेजारी स्टुलावर एक काका स्कूटर दुरुस्त व्हायची वाट बघत बसले होते.

"काय हरवलंय?"

"नंबर बघतोय."

"गाडीचा?"

"हेडचा."

"डोक्याला कुठे नंबर असतो? चष्म्याला असतो. तुमचा किती?"

मी हसलो नाही. ते उठले, माझ्या हातातली बॅटरी न विचारता घेतली आणि वाकून म्हणाले, "दोनशे दोन."

"दोनशे पंचाण्णव आहे काका."

"मधला शून्य आहे."

"नऊ आहे तो. शेपटी गंजात गेलीय."

"आणि शेवटचा दोन?"

"पाच आहे. तुम्हाला उलटा दिसतोय."

"मी काय झाडाला लटकून बघतोय? दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं. आत कोरी भिंगं आहेत!"

मी विकणाऱ्याकडे वळलो. त्याने हेडकडे बघितलंसुद्धा नाही. "साहेब म्हणतात तेच."

"बरं, दोनशे पंचाण्णव तर पंचाण्णव," काका स्टुलावर परत बसत म्हणाले. "पण नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. हे तर भंगार आहे."

भंगार! मी रागाने पैसे मोजले. घासाघीससुद्धा केली नाही, हे आता जास्त लागतंय.

एक सांगतो, या छंदात मूळ शोधू न देण्याचा कट फार जुना आहे. एसयू कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरवर स्क्रूखाली एक चिमुकली पत्र्याची पट्टी असते. तो कुठल्या गाडीचा, हे तिच्यावरून कळतं, आणि पहिलाच मिस्त्री ती फेकून देतो. (एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर मंडळींचा घरचा धंदा पादत्राणांचा, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरांत चामड्याचा भाता होता. याचा माझ्या हेडशी संबंध नाही, पण मला हे फार आवडतं.) लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटणारा तो) तारीख ठोकलेली असते, पण ती डिस्ट्रिब्युटरची. तो पुढे कुणाकुणाच्या इंजिनात नांदला, ते कोण सांगणार? खुद्द कंपनी 'गोल्ड सील' नावाने नवी करून दिलेली इंजिनं विकायची. वर सोनेरी रंग, नंबर नवा, मागचं सगळं पुसलेलं. हेडवरचा नंबरही साच्याचा असतो, गाडीचा नाही. १२जी९४० घ्या. साध्या १३०० सीसीच्या सलून गाडीवरही तेच आणि एमजी मिजेट या स्पोर्ट्स गाडीवरही तेच. विकणाऱ्यांना विचारा, प्रत्येकाचं कूपर एसवरूनच उतरलेलं! मग उरलेल्या सगळ्या गाड्या काय बिनडोक्याच्या फिरत होत्या?

सोमवारी रॉकेल आणि वायर ब्रश घेऊन बसलो. पाचाचा दोन झाला. नऊची शेपटी निघाली ती ग्रीस होती.

विश्वास बसेना. उत्साहाच्या भरात माझ्या गाडीचं हेड आधीच उतरवून ठेवलं होतं, ते आणून शेजारी ठेवलं. त्याचेही व्हॉल्व्ह काढले, कार्बन खरवडला, नंबर लख्ख केला. १२जी२०२. पुन्हा पहिलं पाहिलं, पुन्हा दुसरं. दोन्ही पालथी केली, उलथी केली, एकाच परातीत धुतली, एकाच फडक्याने पुसली.

तेवढ्यात मुलगा डोकावला. "यातलं आपलं कुठलं?"

मी दोन्ही हेडं परत एकदा बघितली. मग चष्मा पुसून बघितली.