'त्या काळी सगळ्यांना चालायचं' म्हणे

काल भाचीने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, खाली आत्याचे जोडलेले हात. मजकूर असा: नीती-अनीती असं खरं काही नसतंच, ती ज्याच्या-त्याच्या आवडीची बाब. देशोदेशी ती बदलते. बालविवाह, विधवांचं केशवपन त्या काळी सगळ्यांनाच योग्य वाटायचं. म्हणून कुणाला चूक म्हणणं चूक.

शेवटच्या वाक्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय, त्यावर वेळ घालवत नाही. आवडीचं म्हणाल तर मला कारलं आवडत नाही, पण म्हणून कारलं खाणाऱ्यावर कुणी अन्याय केला असं मी म्हणत नाही. देशोदेशी बदलते, हे मात्र अर्धं मान्य करावं लागतं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे हौसेने लागतं, उत्तरेत लोक कानांवर हात ठेवतात. असेल.

पण 'सगळ्यांनाच'? मुंबईच्या रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं. मोठी झाल्यावर ती नांदायला जायला तयार होईना. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ मध्ये दावा लावला. आधी निकाल तिच्या बाजूने लागला. मग अपील झालं आणि १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाली, तुरुंग चालेल! 'केसरी'तून टिळक तिच्यावर तुटून पडले होते, तरी हटली नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला आणि ही लंडनला शिकून डॉक्टर झाली. तिच्या हातात कुठली आजची फूटपट्टी होती? ज्यांच्यावर बेतलं त्यांनाच वगळून हे 'सगळे' मोजलेत.

केशवपनाचं तर आत्याला मी सांगायला नको. आमच्या पणजीचा एकच फोटो आहे, डोक्यावरून घट्ट ओढलेलं आलवण, म्हणजे केशवपन केलेल्या विधवेचं लुगडं, नजर खाली. न्हावी यायचा त्या दिवशी ती सकाळपासून कुणाशी बोलायची नाही, असं आजी सांगायची. आत्या तेव्हा शेजारीच गहू निवडत असायची.

फोटो ग्रुपवर टाकलाय. आत्याने पाहिलाय.