दिवसाला शंभर रुपये

यूपीआयने पाठवलेले पैसे अडकले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जी भरपाई न मागता खात्यात जमा व्हायला हवी, तिच्यासाठी ‘आधी लेखी अर्ज द्या, मग बघू’ असे आज माझ्या बँकेत मला ऐकवण्यात आले, म्हणून हे लिहीत आहे.

झाले असे की, आमच्या गणवेशाच्या कारखान्यात शिलाईकाम करणाऱ्या अक्कांची आठवड्याची मजुरी मी यूपीआयने पाठवली. माझ्या खात्यातून रक्कम तत्क्षणी गेली, त्यांच्या खात्यात मात्र आली नाही. बँक म्हणे ॲपवाल्यांना विचारा, ॲपवाले म्हणत बँकेला विचारा. विडी घरकुल या कामगार वसाहतीतून रोज वेळेवर येणाऱ्या, हिशेबाला चोख असलेल्या अक्कांना मी मोबाइल दाखवला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “मालक, तुमच्याकडून गेले असतील, पण माझ्याकडे आले नाहीत ना.”

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात हे सारे स्वच्छ लिहिले आहे. यूपीआयने एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले पैसे कापले गेले आणि पोहोचले नाहीत, तर ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. माझे पैसे बऱ्याच दिवसांनी परत आले, नुसती मुद्दल. कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर दंड कापायला याच बँकेला माझा लेखी अर्ज लागत नाही!

युरोपीय संघाने २०२४ मध्ये तत्काळ पेमेंटसाठी कायदाच केला. पैसे दहा सेकंदांत पोहोचले पाहिजेत, त्यासाठी साध्या हस्तांतरापेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही, आणि पैसे पाठवण्यापूर्वी नाव व खाते जुळते की नाही हे बँकेने विनामूल्य तपासून सांगायचे. युरो वापरणाऱ्या देशांतील बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून असे पैसे पाठवण्याची सोय देणे बंधनकारक झाले. बँक नसलेल्या पेमेंट कंपन्यांना एप्रिल २०२७ पर्यंत सवलत आहे. मला त्यातले एक कलम फार आवडले. पैसे पोहोचल्याची खात्री दहा सेकंदांत मिळाली नाही, तर पाठवणाऱ्याचे खाते बँकेने लगेच पूर्ववत करायचे. हे आपल्याकडे असते, तर अक्कांसमोर मोबाइल धरून उभे राहण्याची वेळ माझ्यावर आली नसती. पैसे परत आलेले पाहून मी ते तिथल्या तिथे पुन्हा पाठवले असते.

आपले यूपीआय २०१६ पासून चालू आहे, सामान्य माणसाला ते फुकट आहे आणि युरोपने कायदा केला तेव्हा आपल्या चहाच्या टपरीवर क्यूआर कोड जुना झाला होता, हे मान्य. बहुतेक व्यवहार सुरळीत होतात, हेही मान्य. पण जो एक अडकतो, तो कोणाच्या तरी मजुरीचा असतो.

काउंटरवरच्या त्या मुलावर मी आवाज चढवला नाही. वरून जे सांगितले जाते तेच तो बोलत होता, त्याच्यामागे रांगही मोठी होती. राग आहे तो ज्यांनी पैसे कापण्याचे यंत्र क्षणात चालणारे बनवले आणि भरपाईचे मात्र अर्जावर ठेवले, त्यांच्यावर. व्यवहार कधी झाला, परतावा कधी आला, हे दोन्ही त्यांच्याच संगणकात नोंदलेले असताना मधले दिवस मोजायला माझा अर्ज कशाला हवा? अक्कांना मी त्या आठवड्यात रोख पैसे दिले आणि विषय मिटला. आता त्या मजुरी रोखच मागतात, आणि मीही मुकाट्याने देतो.

अर्ज उद्या देणार आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करीन. तोवर बँकेत काम करणाऱ्या माझ्या मित्रांनी एवढे सांगावे : आपल्या सोलापुरातल्या कोणत्या शाखेत हा शंभर रुपयांचा नियम मराठीत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये भिंतीवर लावलेला आहे? असेल तर फोटो टाका.