यजमान संघ कमी जिंकतात म्हणून एनबीए ‘फिक्स’ ठरत नाही

ही पोस्ट याआधी दोन-तीन ग्रुपवर दिसली होती, तेव्हा दुर्लक्ष केलं. आता न्यूजर्सीतल्या माझ्या भाच्याने ती घरच्या ग्रुपवर टाकली आणि तिच्या भरवशावर तो पैसे लावायला निघालाय, म्हणून लिहावं लागतंय. पोस्ट म्हणते: एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, यजमान संघ पूर्वी हमखास जिंकायचे, आता निम्मेच जिंकतात, २०१८ मध्ये अमेरिकेत सट्टा कायदेशीर झाल्यापासून पंचांना वरून हुकूम येतात, प्रेक्षकांमुळे फरक पडतो हे थोतांड आहे, तेव्हा डोळे मिटून पाहुण्या संघावर पैसे लावा.

घरच्या मैदानाचा फायदा घटलाय, एवढं खरं. १९८० च्या दशकात यजमान शंभरातले पासष्टच्या आसपास सामने जिंकायचे, अलीकडे पंचावन्नच्या आसपास. पण पंचावन्न म्हणजे निम्मे नव्हेत.

२०१८ चा मुद्दा तर तारखा पाहिल्या तरी कोसळतो. सट्ट्याला वाट मोकळी करणारा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल मे २०१८ चा. यजमानांच्या विजयांचं प्रमाण त्याच्या आधीच्या हंगामांतच साठ टक्क्यांखाली आलं होतं. नव्वदच्या दशकात सुरू असलेल्या घसरणीला २०१८ चा निकाल कसा जबाबदार?

आता पंच. टिम डोनाघी या पंचाने स्वतःच्याच सामन्यांवर पैसे लावले, ते २००७ मध्ये उघड झालं आणि तो तुरुंगात गेला. हे नाकारता येत नाही. पण त्यावरून सगळ्या पंचांना विकलेले ठरवणं हा अन्याय आहे. पंच गर्दीच्या गोंगाटाने नकळत यजमानांकडे झुकतात, हा जुनाच अनुभव. आज त्यांच्यावर पूर्वी कधी नव्हती एवढी नजर आहे. सेकॉकसला, म्हणजे भाच्याच्याच राज्यात, २०१४ पासून रिप्ले सेंटर आहे, तिथे वादाचे निर्णय व्हिडिओवर पुन्हा पाहिले जातात. २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचे निर्णय तपासून, चुकांसकट लीग स्वतः जाहीर करते. यजमानांना मिळणारं झुकतं माप यामुळे कमी झालं असेल, तर पंच जास्त निष्पक्ष झाले असं म्हणायला हवं. पोस्ट नेमकं उलटं सांगते.

बाकीची कारणं साधी आहेत. पूर्वी संघ सर्वसाधारण प्रवासी विमानांनी फिरायचे. रात्री सामना, पहाटे विमानतळ, आणि जवळजवळ सात फुटी माणूस गुडघे दुमडून सीटवर. १९८७ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सने स्वतःचं विमान घेतलं, पुढे चार्टर विमानं सगळ्यांचीच झाली. पाच रात्रींत चार सामने हा प्रकार २०१७-१८ पासून वेळापत्रकातून गेला. आणि थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा फटका! १९७९-८० मध्ये एक संघ सामन्याला असे तीनही प्रयत्न करत नव्हता, आता पस्तीसच्या पुढे. लांबून मारताना अंगाला अंग कमी भिडतं, फाउलबद्दल मिळणारे फ्री थ्रो कमी होतात, आणि पंचाच्या शिटीवर कमी गोष्टी अवलंबून राहतात.

प्रेक्षकांबद्दल २०२०-२१ च्या कोविड हंगामाचा मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास पुरेसा आहे: प्रेक्षक होते तिथे यजमान सुमारे ५९ टक्के सामने जिंकले, रिकाम्या स्टेडियममध्ये सुमारे ५१ टक्के. याला थोतांड म्हणायचं?

सगळ्यात घातक आहे तो शेवटचा सल्ला. यजमान शंभरातले पंचावन्न जिंकत असतील, तर पाहुणे पंचेचाळीसच जिंकतात! बुकीला हे माहीत नाही असं वाटतं का? घरच्या मैदानाचा फायदा घटला तसा त्याने आपल्या आकड्यांतही तो घटवलाय. गुणांच्या फरकावरच्या, म्हणजे संघ किती गुणांनी जिंकेल किंवा हरेल यावरच्या, नेहमीच्या पैजेत १०० डॉलर जिंकायला ११० लावावे लागतात. समज, भाच्या, अशा शंभर पैजा लावल्या. पन्नास जिंकल्या तर ५,००० मिळतील, पन्नास हरल्या तर ५,५०० जातील. निम्मे अंदाज बरोबर येऊनही ५०० डॉलर गेले. नुसतं बरोबरीत राहायला शंभरातल्या किमान ५३ पैजा जिंकाव्या लागतात, आणि त्या कशा जिंकायच्या हे पोस्टमध्ये कुठेच नाही. तिच्या तळाशी आहे ती पैसे घेऊन टिप्स देणाऱ्या चॅनलची लिंक.